वजन लिहून ठेव

देवास,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. बाळ,



तुझं पत्र आणि सोबतचे कागद मिळाले. शाळेत विज्ञान शिकवता शिकवता तू दुसऱ्या महायुद्धातलं एक लढाऊ विमान बांधायला काढलंस, तेही भिंतीवर टांगायचं नव्हे तर उडवायचं, आणि पंखांचा पसारा तीन मीटरचा हवा म्हणतेस. मला फार आनंद झाला. कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये ओतकामाचे लाकडी नमुने घडवत माझी सगळी नोकरी लाकडात गेली आणि सुट्टीचे दिवस विमानांत. दोन्हीकडून हाताला जे कळलं ते काही राखून न ठेवता तुला द्यायचं आहे, म्हणून पत्र लांबेल. सवडीने वाच.

स्पिटफायर की हरिकेन, हा तुझा पहिला प्रश्न. हरिकेन घे. आणि प्रमाण एकास चार नको, एकास पाच ठेव.

स्पिटफायरइतकं देखणं लढाऊ विमान दुसरं झालं नाही, हे मलाही मान्य आहे. मराठी माणसाला त्याची जवळीक वाटावी असंही एक कारण आहे. बडोद्याच्या गायकवाडांनी युद्धकाळात दिलेल्या देणगीमुळे ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ व्या स्क्वाड्रनला बडोद्याचं नाव मिळालं, आणि ती स्क्वाड्रन स्पिटफायर उडवत असे. पण त्या विमानाचा पंख पातळ आणि टोकाकडे निमुळता. लहान प्रमाणात बांधलं की वेग कमी होताच पंखाचं टोक आधी उचल सोडतं आणि विमान कुशीवर कलंडतं. चाकं एकमेकांना चिकटून, त्यामुळे उतरल्यावर ते सरळ धावत नाही. पहिल्या मोठ्या विमानाला ही दोन्ही संकटं अंगावर घेण्याचं काही कारण नाही.

सिडनी कॅम यांनी आखलेलं हॉकर हरिकेन ६ नोव्हेंबर १९३५ रोजी पहिल्यांदा उडालं, स्पिटफायरच्या चार महिने आधी. ते लाकूड-कापडाच्या विमानांचा काळ आणि पत्र्याच्या विमानांचा काळ यांच्या बरोबर मधे उभं आहे. पोटाचा मागचा भाग म्हणजे धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी फॉर्मर, त्यावर लांब लाकडी पट्ट्या आणि वर डोप, म्हणजे कापड ताणून धरणारा लेप, लावलेलं कापड. आपण घरात ज्या रीतीने विमान बांधतो ती खऱ्या हरिकेनच्या मागच्या अर्ध्या अंगाचीच रीत आहे. कापडाखालून त्या पट्ट्यांच्या लांब रेषा दिसतात, त्या खोट्या काढाव्या लागत नाहीत. पंख जाड आहे, मुळाशी रुंदीच्या जवळजवळ एकोणीस टक्के. त्यामुळे आतला स्पार, म्हणजे पंखाचा कणा, उंच आणि मजबूत करता येतो, आणि चाकं मिटून आत जायला जागा मिळते. दोन चाकांत अंतर भरपूर. बांधणाऱ्याला इतकं सामावून घेणारं दुसरं लढाऊ विमान माझ्या माहितीत नाही.

शिवाय हे विमान आपल्या लोकांनी लढाईत वापरलेलं आहे. १९४४ साली इंफाळ वेढलं गेलं तेव्हा अर्जन सिंग यांच्या हाताखालची भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन तिथून हरिकेनवरच लढत होती. मेहर सिंग यांची सहावी स्क्वाड्रन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जोडीजोडीने खाली उडून शत्रूच्या हालचालींचे फोटो काढून आणत असे. तिथे लढणाऱ्या चौदाव्या सैन्याचे डोळे असं त्या स्क्वाड्रनला म्हणत. तुझं विमान सहाव्या स्क्वाड्रनच्या रंगात कर असं मी सुचवतो. वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खालून करडा. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेव: पंखावरच्या गोल खुणेत लाल ठिपका घालू नकोस. जपानी विमानांवर लाल गोळा असे. आपल्याच तोफा आपल्याच विमानांवर चालू नयेत म्हणून या आघाडीवरच्या विमानांवरचा लाल रंग काढून टाकला होता. गडद निळा आणि फिकट निळा, एवढंच. मुलं 'मॅडम, लाल कुठंय?' म्हणून विचारतील, तेव्हा त्या एका ठिपक्यावर तुझा अर्धा तास सहज जाईल. काश्मीरच्या लढाईपर्यंत आपल्याकडे स्पिटफायर आणि टेम्पेस्ट आले होते, आणि त्या लढाईत महावीरचक्र मिळवलेले हृषीकेश मुळगावकर १९७६ मध्ये हवाई दलप्रमुख झाले, हेही त्यांना सांग. दिल्लीला जाणं झालं तर पालमच्या हवाई दल संग्रहालयात हरिकेन उभं आहे. त्याच्यापुढे तासभर उभी राहा. कापडाची शिवण कुठे आहे, झाकणांचे स्क्रू कुठे आहेत, धुराची काजळी कुठवर जाते, हे छापील नकाशात मिळत नाही.

आता वजन. या पत्रातला मुख्य विषय हाच आहे.

खऱ्या हरिकेनचा पसारा १२.१९ मीटर. एकास पाचमध्ये तो २.४४ मीटर होतो. पंखांचं क्षेत्रफळ सुमारे २४ चौरस मीटर. लांबी-रुंदी दोन्ही पाचपट कमी झाल्याने ते पंचवीसपट घटतं आणि एक चौरस मीटरच्या थोडं खाली येतं. वजन मात्र लांबी, रुंदी आणि उंची तिन्हींबरोबर घटतं, म्हणजे पाच गुणिले पाच गुणिले पाच, सव्वाशेपट. युद्धाच्या तयारीतलं हरिकेन साधारण साडेतीन टनांचं. भागिले सव्वाशे केलं की अठ्ठावीस किलो. तू प्रामाणिकपणे प्रत्येक गोष्ट प्रमाणात केलीस तरी विमान अठ्ठावीस किलोचं होईल आणि शाळेच्या मैदानावर ते उतरवणं कुणाच्याही हातात राहणार नाही. आपल्याला ते अकरा किलोत बसवायचं आहे. अकरा किलोचं हे विमान आपल्या माळव्याच्या उंचीवर ताशी पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरपर्यंत हवेत तरंगतं. त्याखाली गेलं की पडतं. हा आकडा डोळ्यांना पेलतो. एकास चारचं विमान केलंस तर त्याचा पसारा तीन मीटर पाच सेंटिमीटर होईल, वजन वीस किलोच्या घरात जाईल, इंजिन दुप्पट लागेल, खर्च दुपटीहून जास्त, आणि ते न्यायला टेम्पो करावा लागेल. ते दुसरं विमान म्हणून कर.

अकरा किलो कुठे कुठे जातात ते आधीच ठरवून घे. पन्नास-साठ सीसीचं पेट्रोल इंजिन, सायलेन्सर आणि इग्निशन मिळून दोन किलो. मिटणारी चाकं आणि त्यांचं सामान सव्वा किलोच्या आत. रिसीव्हर, सर्वो, बॅटऱ्या मिळूनही तेवढंच. पेट्रोल अर्धा किलो. हे सगळं बाजारातून येतं, त्यात तुझ्या हातात फारसं काही नाही. उरलेल्या सहा किलोंमध्ये तुझी कारागिरी: पंख २.६, पोट २.२, शेपटी सगळी मिळून चारशे ग्रॅम, कापड आणि रंग सहाशे. एवढं जमलं तर नाकात टाकायला दोनशे ग्रॅम शिसं परवडतं, आणि ते लागणारच, कारण हरिकेनचं नाक आखूड आहे.

यातली शेपटीची चारशे ग्रॅमची मर्यादा सगळ्यात कठोरपणे पाळ. गुरुत्वमध्य पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढून पाव भागाच्या आसपास यायला हवा. तिथून शेपटी लांब, इंजिन जवळ. शेपटीत दहा ग्रॅम वाढले की ते तोलायला नाकात तीसएक ग्रॅम शिसं घालावं लागतं. म्हणजे मागे लावलेला प्रत्येक जादा डिंकाचा थेंब विमानाला चारदा भोवतो, एकदा स्वतःच्या वजनाने आणि तीनदा पुढच्या शिशाच्या. रडर आणि एलेव्हेटर गुळगुळीत दिसावेत म्हणून लोक त्यावर रंगाचे थर चढवतात. खऱ्या विमानात ते कापडाचेच होते. तूही कापडच लाव आणि रंगाचा एक पातळ हात देऊन थांब.

बाल्सा, म्हणजे विमानाचं हलकं लाकूड, एक्वाडोरहून येतो, महाग आहे, आणि दुकानदार तो जाडीवर विकतो. तू तो वजनावर निवड. एक मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद, तीन मिलिमीटर जाड अशी फळी तीस ग्रॅमचीही भरते आणि साठ ग्रॅमचीही. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा आणून टेबलावर ठेव आणि आलेल्या प्रत्येक फळीवर पेन्सिलीने वजन लिही. हलक्या फळ्या शेपटीला आणि पंखांच्या टोकांना, मध्यम रिब्जना, जड फळ्या पुढच्या भागात. स्पारला बाल्सा नकोच, तिथे सरळ रेषांचं, गाठ नसलेलं पाइन किंवा स्प्रूस घे. स्पारच्या वरच्या आणि खालच्या पट्टीच्या मधे उभ्या रेषांची प्लायवूडची भिंत चिकटव. ती भिंत नसेल तर स्पार म्हणजे दोन सुट्या काठ्या. इंजिन जिथे बसतं त्या पहिल्या भिंतीला चांगलं बर्च प्लाय आणि सावकाश वाळणारं इपॉक्सी वापर. बाकी सगळीकडे साधा पांढरा लाकडाचा गोंद पुरतो, आणि बाजारात मिळणाऱ्या झटपट चिकटणाऱ्या गोंदापेक्षा तो जास्त विश्वासाचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

पॅटर्न शॉपमध्ये आम्हाला एक शिस्त होती: लाकडाचा प्रत्येक तुकडा कापला की त्यावर माप आणि ड्रॉइंगचा क्रमांक लिहायचा. पॅटर्नवर माप नसेल तर ओतकाम किती आकसणार याचा हिशेब कुणालाच लागत नाही, आणि तुम्ही रजेवर असाल तर दुसरा माणूस हात लावू शकत नाही. हीच शिस्त विमानाला लाव. कोणता भाग, कोणत्या तारखेला, किती ग्रॅम, सगळं वहीत. ही वही विमानाइतकीच महत्त्वाची आहे. का, ते सांगतो.

तुझ्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे. वर्गातल्या मुलांनी विचारलं, भोज राजाकडे विमान होतं ना? धारमधल्या मुलांनी हे विचारणं अगदी साहजिक आहे. हा प्रश्न टाळू नकोस, आणि हसण्यावारी तर मुळीच नेऊ नकोस. त्यांना मूळ गोष्ट पूर्ण सांग.

अकराव्या शतकात धारेवर राज्य करणाऱ्या परमार भोजाच्या नावावर 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुविद्येचा मोठा ग्रंथ आहे, त्र्याऐंशी अध्यायांचा. टी. गणपतिशास्त्री यांनी तो संपादित केला आणि १९२४-२५ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो छापून निघाला. धारच्या राजाचा ग्रंथ एका मराठी संस्थानाच्या खर्चाने जगापुढे आला, याचा मला अभिमान आहे. त्याचा एकतिसावा अध्याय यंत्रांवर आहे. हलक्या लाकडाचा एक मोठा पक्षी, त्याचे सांधे घट्ट आणि नीट बसवलेले, पोटात पाऱ्याचं भांडं, त्याखाली अग्नी, वर बसलेला माणूस, पंखांच्या फडफडीने आणि पाऱ्याच्या शक्तीने तो आकाशात दूर जातो, असं वर्णन त्यात खरोखर आहे. व्ही. राघवन यांनी जुन्या भारतीय यंत्रांचा जो अभ्यास केला त्यात या अध्यायाचा सविस्तर विचार आहे.

पण त्याच अध्यायात आणखीही एक गोष्ट सांगितली आहे. यंत्रं घडवण्याची रीत इथे दिलेली नाही, आणि ती न देण्याचं कारण अज्ञान नसून गुप्तता आहे, असं ग्रंथ स्वतः म्हणतो. मला वाटतं, आपल्या माळव्यातल्या या सगळ्या कथेतली सर्वांत दुःखाची ओळ ती आहे. लाकूड किती जाड, पंख केवढा, पारा किती, सगळ्याचं वजन काय, यातला एकही आकडा नाही. आकडा नाही म्हणून तपासता येत नाही, आणि तपासता येत नाही म्हणून पुढच्या कारागिराला एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. आणि पाऱ्याचं म्हणशील तर मुलांना आकडे मांडून दाखव: एक लिटर पारा १३.६ किलोचा असतो. तुझं आख्खं विमान, इंजिन आणि पेट्रोल धरून, अकरा किलोचं. एक लिटर पाराच त्याहून जड. तो उकळायला साडेतीनशे अंशांवर तापवावा लागतो आणि त्याची वाफ विषारी. असा पक्षी उडाला नसणार, हे मुलांनी स्वतः हिशेब करून म्हणायला हवं, तू सांगितलं म्हणून नव्हे.

त्याच वेळी त्यांना लाट मशिदीच्या आवारात घेऊन जा. तिथे लोखंडी खांबाचे तीन तुकडे पडले आहेत. जोडले तर लांबी तेरा मीटरांहून जास्त आणि वजन सातएक टन. लोखंडाचे गोळे तापवून, घणाने एकमेकांत ठोकून हा खांब घडवला. आपल्या गावच्या कारागिरांनी काय करून दाखवलं याचा पुरावा तो आहे. हात लावून बघता येतो. धारचा मोठेपणा सांगायला पाऱ्याच्या पक्ष्याची गरज नाही. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, या आपल्याकडच्या आवडत्या कथेबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. त्या माणसाच्या ध्यासाबद्दल मला आदर आहे, पण त्या काळातला एकही भरवशाचा नकाशा, वजन किंवा माप हाती नाही, आणि त्यावाचून मी ते खरं मानणार नाही.

तरीही तो अध्याय टाकून देऊ नकोस. चांगलं यंत्र कसं असावं याची एक यादी त्यात आहे आणि ती कोणत्याही वर्कशॉपच्या भिंतीवर लावावी अशी आहे. बांधणी घट्ट असावी, यंत्र हलकं असावं, नको तिथे आवाज नसावा, सैलपणा नसावा आणि ताठरपणाही नसावा, चाल अडखळू नये, हवं तेव्हा सुरू व्हावं आणि हवं तेव्हा थांबावं. हजार वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्याने यंत्रं जवळून पाहिली होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सैलपणाचंच घे. मोठी मॉडेल विमानं हवेत मोडतात ती पुष्कळदा त्यानेच. एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळीच्या, बिजागरीत किंवा सर्वोपासून निघणाऱ्या तारेच्या जोडात किंचित खेळ राहिला, की वेग वाढल्यावर एलेरॉन थरथरू लागतो. थरथर वाढत जाते आणि डोळ्यांचं पातं लवायच्या आत पंख तुटतो. म्हणून प्रत्येक पृष्ठाला स्वतंत्र, जोरकस सर्वो दे, तार आखूड आणि जाड ठेव, बिजागरीची फट टेपने बुजव. जमिनीवर एलेरॉन बोटांत धरून हलवून बघ, खटका लागला तर उडवायचं नाही. आणि ताठरपणा म्हणशील तर रंग वाळल्यावर बिजागऱ्या आखडतात, त्या पुन्हा मोकळ्या कर.

पंखाबद्दल दोनच गोष्टी. हरिकेनचा मधला भाग सपाट असतो आणि बाहेरचे दोन पंख तिथून साडेतीन अंश वर चढतात. सांधा तिथेच कर, ॲल्युमिनियमची नळी एकात एक सरकवून. मग विमान तीन तुकड्यांत तुझ्या गाडीत मावेल. आणि टोकांकडे पंखाची पुढची कड मुळापेक्षा दोन अंश खाली पिळून बांध. असं केल्याने वेग घटला तर आधी मूळ उचल सोडतं, टोक टिकून राहतं, आणि विमान नाक खाली घालून सांगतं की आता वेग वाढव. हे दोन अंश जिगवरच पक्के कर, मागाहून पंख पिळता येत नाहीत.

कापड आणि डोपचं काम आत्ता, माघ-फाल्गुनापर्यंत उरकून घे. पावसाळ्यात डोप लावला की हवेतल्या ओलाव्याने तो पांढुरका पडतो आणि कापड नीट ताणलं जात नाही. माळव्याची हिवाळ्यातली हवा या कामाला इतकी चांगली की मुंबई-कोकणातल्या लोकांनी हेवा करावा. कुमार गंधर्व आजारपणात १९४८ साली इथे देवासला राहायला आले तेही या कोरड्या हवेसाठीच. त्या हवेचा लाभ कापडालाही होतो.

इंजिनावर मी फार लिहीत नाही, त्याच्याबरोबर आलेलं पुस्तक नीट वाच. इग्निशन आणि रिसीव्हर यांच्यात हातभर अंतर ठेव, दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या, आणि रिसीव्हरला तर दोन बॅटऱ्या, दोन स्विच. ट्रान्समीटरचा संपर्क तुटला तर इंजिन आपोआप बंद पडेल अशी सोय आधी कर, मग बाकीचं. पुढचा पंखा बावीस इंचांचा आहे. तो फिरत असताना त्याच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, तू सुद्धा नाही. मुलं मागे, दूर, दोरीच्या पलीकडे. याबाबतीत कुणाचीही भीड धरू नकोस, मुख्याध्यापक फोटो काढायला पुढे आले तरी इंजिन बंद कर.

नियमांचंही आधी बघ. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार मनोरंजनासाठी किंवा शिक्षणासाठी उडवलेलं, पंचवीस किलोंच्या आतलं, डोळ्यांसमोर उडणारं विमान 'मॉडेल' म्हणून गणलं जातं. एकास पाचमध्ये आपण या मर्यादेच्या बरेच आत राहतो. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहायचं, आणि चारशे फुटांच्या वर जायचं नाही. नोंदणीचं काय करावं लागतं तेही वाचून पूर्ण कर. देवासला, नोटांच्या छापखान्याच्या आसपास, मी स्वतः कधी काही उडवत नाही आणि तूही आणू नकोस. इंदूरचं विमानतळ, महूची लष्करी छावणी, यांच्यापासूनही लांब. धारच्या बाहेर एखाद्या शेतकऱ्याला विचार. सोयाबीन निघाल्यावर पडीक राहिलेला, भेगा न पडलेला तुकडा शंभर-सव्वाशे मीटर रोलर फिरवून सपाट करून घेतला तरी पुरतो. इंदूरच्या एनसीसीच्या हवाई विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवतात. तिथल्या शिकवणाऱ्यांना पहिल्या उड्डाणाला बोलावलंस तर अनुभवी डोळे सोबत असतील.

पहिलं उड्डाण हिवाळ्यातल्या सकाळी, वारा पडलेला असताना. आदल्या दिवशी नुसतं जमिनीवर पळव. हरिकेन शेपटीवर बसणारं विमान आहे, थ्रॉटल एकदम दिलंस तर ते डावीकडे ओढेल आणि नाकावर पडेल. थ्रॉटल हळूहळू, रडर उजवीकडे थोडा, शेपटी आपण होऊन वर येऊ दे, घाईने हवेत खेचू नकोस. उंची मिळाल्यावर चाकं आत घेऊ नकोस, पहिली दोन-तीन उड्डाणं चाकं खालीच राहू देत. वर गेल्यावर, भरपूर उंचीवर, थ्रॉटल कमी करून ते नेमकं कधी उचल सोडतं ते बघून घे. उतरायच्या शेवटच्या वळणावर पुष्कळ विमानं जातात. साठ अंश कलवून वळलं की उचल सोडण्याचा वेग दीडपटीजवळ जातो. पन्नासला तरंगणारं तुझं विमान तिथे सत्तरला पडेल. म्हणून ते वळण मोठं, सपाट आणि थोड्या इंजिनावर घे, आणि पुढच्या दोन चाकांवर उतरव.

वहीचं पुन्हा सांगतो. विमान पूर्ण झालं की वहीची स्वच्छ प्रत कर. प्रत्येक रिबचा नकाशा, प्रत्येक भागाचं वजन, गुरुत्वमध्य कुठे आला, एलेरॉन किती अंश हलतो, पहिल्या उड्डाणात काय झालं, काय मोडलं आणि का मोडलं. मोडलेलं तर नक्कीच लिही. ती प्रत शाळेच्या वाचनालयात ठेव, कुलुपाच्या कपाटात नाही, उघड्या फळीवर. त्यावर नाव तुझं असलं तरी चालेल आणि नसलं तरी चालेल. धार, देवास, इंदूर, उज्जैन, कुठल्याही मुलाला ती वही उघडून तेच विमान तुझ्याशिवाय बांधता आलं पाहिजे, आणि तुझ्यापेक्षा शंभर ग्रॅम हलकं बांधता आलं पाहिजे.

माझ्याकडे बाल्साच्या काही जुन्या फळ्या उरल्या आहेत, आणि शेपटीसाठी त्या पुरतील. सगळ्या काट्यावर ठेवून पाहिल्या, प्रत्येकीवर वजन लिहिलं आहे. येत्या रविवारी धारकडे येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो. आल्यावर तुझ्या काट्यावर पुन्हा तोलून घे, आणि वहीचं पहिलं पान त्या आकड्यांनी सुरू कर.

ताईला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा